दुसऱ्या गिअरची कुरकुर

बॉनेटखाली डोकं घालून ती इंजिनाचा पट्टा बघत होती, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी आत बसून हॉर्न दाबला.

ती दचकून उठली. बॉनेट जागचं हललं नाही. साहजिकच, लागायचं तिला लागलं.

"अरेरे... लागलं का?" गाडीतून एक उंच माणूस घाईघाईनं उतरला. "सॉरी. मला वाटलं, ते रेडिओचं बटण आहे."

"स्टिअरिंगच्या मधोमध?"

"एवढी पिवळी, एवढी महाग गाडी... म्हटलं, असेलही."

तिला हसायचं नव्हतं. डोकं ठणकत होतं. त्यानं मोबाइलचा दिवा लावला आणि अगदी अधिकारानं म्हणाला, "इकडे बघा. आता दिव्याकडे. आता माझ्याकडे." तिनं बघितलं. तपकिरी डोळे, झोप अपुरी झालेले. गरजेपेक्षा एखादा क्षण जास्तच बघितलं बहुतेक.

"डॉक्टर आहात?"

"भूलतज्ज्ञ. कोण शुद्धीवर आहे आणि कोण नाही, हे ओळखायचा मला पगार मिळतो."

"मग? मी?"

"शुद्धीवर आहात. थोड्या चिडलेल्या आहात."

"चिडले नाहीये. हॉर्न चालतो, एवढं लिहून घेतेय."

ती खरंच लिहून घेत होती. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्यांसाठी त्या आधी तपासून द्यायच्या, हा तिच्या मामाचा धंदा. दोन टेबलं, गाडी वर उचलायची एक लिफ्ट आणि मामाचा फोनवरचा मोठा आवाज, एवढंच ऑफिस. सहा वर्षांत तिनं दहातल्या सात गाड्यांना 'घेऊ नका' असा शेरा मारला होता. मामा तिला नकारघंटा म्हणायचा; पण गिऱ्हाईक यायचं ते तिच्याच नावानं. तिचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि आजचं गिऱ्हाईक म्हणजे हेच हॉर्नवाले डॉक्टर निघाले.

तिनं रंगाची जाडी मोजायचं यंत्र डाव्या दरवाज्याला लावलं. आकडा बाकीच्या गाडीच्या तिप्पट. "हा दरवाजा नंतर रंगवलाय. खालची चौकटही ठोकून सरळ केलीये. गाडी कुठेतरी जोरात आदळलीये. नाही."

"एवढंच? नुसतं 'नाही'?"

"सविस्तर 'नाही' संध्याकाळी ईमेलवर येईल."

तो हसला. ते हसू दुपारभर तिच्या मागं मागं फिरत राहिलं. का कोण जाणे, त्या दिवशी तिनं यंत्राचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

डॉक्टरांचा घोळ दोन मॉडेलांमधला होता. एक हे मोठं, थांबल्या जागेवरून चार सेकंदांत शंभरचा वेग गाठणारं, किंमत डोळे पांढरे करणारी. दुसरं छोटं, कापडी छताचं, दोनच माणसांचं. ताकद निम्मी, किंमत निम्म्याहून कमी. त्यांनी म्हणे दोन्हींचा तक्ता केला होता, डावीकडे मोठी, उजवीकडे छोटी. तीन महिने तक्ता भरत होता आणि गाडी येत नव्हती.

"तुम्ही कोणती घ्याल?" पुढच्या गुरुवारी, दुसऱ्या एका मोठ्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसत त्यानं विचारलं. गुरुवारी त्याला सुट्टी असायची.

"रोज जाता कुठे?"

"घर ते हॉस्पिटल. आठ किलोमीटर. सहा सिग्नल."

"मग चार सेकंदांत शंभर गाठून पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी उभे राहाल."

"टोमणा आहे?"

"हिशेब आहे. किंमत विकणारा सांगतो, डॉक्टर. मोल आपलं आपल्याला ठरवावं लागतं. तुम्हाला गाडी कशाला हवीये?"

 तो टायरच्या खाचेत नख घालून बसला. मग म्हणाला, "ऑपरेशन चालू असतं तेव्हा सगळ्यांचे हात चालू असतात. मी उशाशी बसून त्या माणसाचा श्वास बघत असतो. सगळं नीट झालं तर माझी कोणाला आठवणही राहत नाही. राहूही नये. पण बाहेर आलो की वाटतं... आपणसुद्धा जागे आहोत, हे कशानं तरी कळायला हवं."

 घ्यायला लावलेल्या गाडीसाठी लोक तिला पेढ्यासारखे गोड शब्द द्यायचे. घेऊ न दिलेल्या गाडीसाठी आजवर कोणी आभार मानले नव्हते. ज्यांचे अपघात झालेच नाहीत, ते कशाला आठवण काढतील? हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

"मी मानतो आभार," तो म्हणाला. "पिवळीबद्दल."

त्या गाडीचा क्लच गेलेला होता. त्यापुढच्या गुरुवारच्या गाडीत पावसाचं पाणी शिरून सीटखाली चिखल वाळला होता. नाही, आणि पुन्हा नाही. पण हे दोन्ही नकार लिहिताना तिला जो हलका आनंद झाला, तो काही बरा नव्हता. तिलाही ते कळत होतं.

"गाडीखाली झोपायला जाताना शर्टला इस्त्री कोण करतं गं?" मामानं विचारलं.

"मी करते."

"कधीपासून?"

 मामा शीळ घालत फोनकडे वळला.

चौथी गाडी छोटी होती. राखाडी, कापडी छताची. मालकीण एक निवृत्त वकीलबाई. गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून विकत होत्या. अकरा वर्षांत एकच हात लागलेला. तिनं लिफ्टवर चढवून बघितली, खाली उतरवून बघितली, रंग मोजला, तेल बोटावर घेऊन बघितलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

चालवून बघायला ती बसली, शेजारी डॉक्टर. छत मागं सरकलं. गावाबाहेरच्या वळणांवर गाडी अशी वळत होती, की जणू आधीच ठरवून ठेवलेलं. वारा कानात भरला. त्याचे केस उडत होते, आणि तो काहीच बोलत नव्हता. नुसता बघत होता, रस्त्याकडे, मग तिच्या हाताकडे, गिअरवरच्या.

"हीच ना?" तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा. "हिच्यात काही खोट नाही ना?"

'खोट नाही' म्हटलं, की संपलं. सविस्तर 'हो' संध्याकाळी ईमेलवर जाईल, तो फी पाठवेल आणि पुढच्या गुरुवारी... पुढच्या गुरुवारी तिच्या इस्त्रीच्या शर्टाला काही काम उरणार नाही.

"दुसऱ्या गिअरला..." तिच्या तोंडून निघून गेलं, "थोडी कुरकुर आहे. ऐकलीत? थांबू या आपण. दुसरी बघू."

त्यानं कान दिला. कुरकुर कुठली ऐकू येणार? "मला नाही कळलं," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणता म्हणजे आहेच."

इतका चटकन, इतका सरळ विश्वास. 

पुढचे चार दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. चहा करायची आणि प्यायची विसरायची. पुलावरून जाताना तिच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा दुसरा गिअर पडला, की दचकायची. दोनदा त्याला फोन लावला, वाजायच्या आत बंद केला.

सोमवारी मामानं खुर्ची तिच्यासमोर ओढली. एरवी तो उभ्यानंच बोलायचा.

"वकीलबाईंचा फोन होता. डॉक्टरांनी कळवलेल्या आपल्या शेऱ्यावरून त्यांनी गिअरबॉक्स उघडून तपासून घेतला. काही सापडलं नाही. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, त्या मुलीनं सांगितलंय म्हणजे असेल. मी किंमत उतरवते. आता एक दलाल निम्म्या भावात न्यायला आलाय." तो थांबला. "मी तुला ओळखतो. तुझा कान चुकत नाही. मग काय चुकलं?"

ती खाली मान घालून बसली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलताना तिनं फक्त आपला गुरुवार बघितला होता. एका बाईची अकरा वर्षांची निगा तिनं दोन शब्दांत मातीमोल केली होती.

"कुरकुर नव्हती, मामा."

मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग निस्तर," एवढंच म्हणाला. "आजच्या आज."

तेवढ्यात तिचा मोबाइल उजळला. डॉक्टरांचा निरोप. 'कंटाळलो. शोरूममध्ये आलोय, नवीन मोठं मॉडेल बुक करतोय. तक्ता फाडला. तुमचे आभार, सगळ्या नकारांसाठी.'

शोरूमपर्यंत तिला चार सिग्नल लागले आणि चारही लाल मिळाले. काचेच्या दालनात गाड्या आरशासारख्या चमकत होत्या. तो टेबलाशी बसला होता, पेन हातात. समोर विक्रेता मधाळ हसत होता.

"थांबा," ती म्हणाली. धापा टाकत होती. "सही करू नका. ती राखाडी गाडी चांगली आहे. पहिल्यापासून चांगली होती. मी खोटं बोलले."

विक्रेत्याचं हसू जागच्या जागी गोठलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "का?"

"कारण..." शब्द होते, पण त्या चकाकीत, त्या परक्या माणसासमोर बाहेर येईनात. "त्याला कारण आहे. पण ते कारण चांगलं असलं, तरी खोटं ते खोटंच."

तो तिला बाहेर घेऊन आला. पायऱ्यांवर ऊन होतं.

"ऑपरेशनच्या आधी माणूस मला एकच विचारतो," तो हळू म्हणाला. "जाग येईल ना? मी हो म्हणतो. तेवढ्या एका 'हो'वर तो डोळे मिटतो. तुमच्या 'नाही'वर मी तसे डोळे मिटले होते."

यापेक्षा त्यानं चिडायला हवं होतं. ती काही म्हणायच्या आत त्याचा फोन वाजला, हॉस्पिटलमधून बोलावणं. तो गेला. सही न करता, पण मागं वळूनही न बघता.

तिनं डोळे पुसले आणि वकीलबाईंचं घर गाठलं. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, मग चष्मा लावून समोर बसल्या. उभा जन्म कोर्टात गेलेला.

"गिअर ठीक होता?"

"हो."

"तुला ते तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"दलालाकडून काही घेतलंस?"

"नाही हो."

"मग हेतू काय?"

ती शर्टाच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तपासण्या संपल्या असत्या," ती म्हणाली. "आणि तो यायचा बंद झाला असता."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "इतका वेडगळ आणि इतका खरा जबाब मी ऐकला नाही. दलालाला मी उद्याचं सांगितलंय. त्याला नको म्हणते. आता तू कागदावर खरं लिहून दे, आणि स्वतःच्या नावानं."

तिनं लिहून दिलं. 'आधीचा शेरा चुकीचा होता. चूक माझी. गाडी मागितलेल्या पूर्ण किमतीच्या योग्यतेची.' एक प्रत वकीलबाईंना, एक मामाला, एक डॉक्टरांना. फी परत. कारण मात्र कागदावर लिहिलं नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. उत्तर नाही. तिनं ऑफिसातली सगळी हत्यारं धुतली, पुसली, लावली, पुन्हा काढली. मामा म्हणाला, "आता लिफ्ट तेवढी धुवायची राहिलीये."

गुरुवारी सकाळी वकीलबाईंचा फोन आला. "गिऱ्हाईक आलंय. पूर्ण किंमत देतंय. पण अट आहे, तुमच्याकडून पुन्हा तपासून हवी. मामांनी तपासायची, म्हणे. तू नाही."

मामानं तिला तरीही सोबत नेलं. डॉक्टर फाटकाशी उभे होते. त्यांनी मान हलवली, तिनं हलवली, बस. मामा तासभर गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसले. "हिच्यात खोट काढायची म्हणजे खोटंच बोलावं लागेल," तो म्हणाला, आणि वकीलबाईंसोबत कागद करायला आत निघून गेला.

दोघंच उरले. तो चालकाच्या जागेवर बसला. मग शेजारचं दार आतून उघडलं. ती बसली.

त्यानं किल्ली फिरवली. गाडी एक झटका खाऊन बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिनं ओठ घट्ट मिटले.

"काहीतरी बोलायचं अडवून धरलंय तुम्ही," तो समोर बघत म्हणाला.

"क्लच पूर्ण दाबा."

"ते नाही."

फाटकावरच्या वेलीतून ऊन हलत होतं. 

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "ही गाडी पसंत पडली असती तर तुम्ही गेला असता. म्हणून कुरकुर. बाकी काही नव्हतं."

 स्टिअरिंगवर त्याची बोटं नुसती वाजत होती.

"राग अजून पुरता गेलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "खोटं सांगणार नाही. जायला थोडे दिवस लागतील."

"लागू देत."

"ते दिवस मला तुमच्याशिवाय काढायचे नाहीत. दोन दिवस काढून बघितले... जमलं नाही." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. "आणि हे अहो-जाहो आता पुरे. क्लच पूर्ण म्हणजे किती? दाखवतेस?"

तिनं त्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि हलकेच खाली दाबला. त्यानं तो हात उचलून गिअरवर, आपल्या हाताखाली घेतला. गाडी थरथरली, जरा अडखळली, आणि फाटकाबाहेर पडली.