बिनमिठाची पंगत

लग्नाच्या जेवणातून मी उठले ती फक्त शाल आणायला. सप्टेंबर संपत आला होता. चेस्टनटच्या झाडांखाली अजून ऊन सांडलेलं होतं, पण नवरीला मानाची म्हणून नेमकी सावलीतली जागा दिलेली, आणि माझी शाल राहिली होती गाडीत. एवढंच निमित्त. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. दिवा जरा जवळ ओढून आता लिहून काढते आहे, कारण माझ्या बोलण्यावर या घरात कुणाचा विश्वास बसेल असं मला वाटत नाही.

मी मुळातच कमी बोलते. माझ्या नवऱ्याला, क्विरिनला, ते आवडायचं. माझ्या सासूबाईंना, ओटिलीबाईंना, नाही. साखरपुड्याला त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणाची आहे हो, आफ्रा. फक्त आवाज तेवढा माहेरी विसरून आली की काय?" सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता.

लग्न गावच्या बिअर हॉलमध्ये होतं, म्हणजे खरं तर त्याच्या बागेत. खडीवर लांब लांब बाक, डुकराच्या मांसाचे भाजलेले तुकडे, त्यावरची दाताखाली कुरकुरणारी साल, बटाट्याचे गोळे, आंबट कोबी आणि माणशी लिटरभर बिअरचा मग. जेवणानंतर नवरी पळवायची ही आमच्याकडची रीत. नवऱ्याच्या दोस्तांनी तिला एखाद्या गुत्त्यात नेऊन बसवायचं, तिनं जीव खाऊन ओरडायचं, आणि नवऱ्यानं शोधत येऊन चोरांची टर उडवणारं गाणं म्हणायचं, एका दमात बिअरचा मग रिकामा करायचा आणि बायको सोडवून न्यायची. यावेळचा चोर होता क्विरिनचा मित्र वास्टल. तो सकाळपासून मला डोळे मिचकावत होता. चोरी अशी सांगून करतात, हे मला तेव्हाच जरा गमतीचं वाटलं.

म्हणून फाटकाशी दोन माणसं पुढं आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. राखाडी लोकरीचे जुने कोट, टोपीला पीस. थोरला म्हणाला, "चला नवरीबाई, वेळ झाली." वास्टलनं यांना पाठवलं असेल, क्विरिनच्या मामाच्या गावचे असतील, असं मी धरून चालले. क्विरिनकडच्यांना ते माझ्याकडचे वाटले असणार. लग्नातला अनोळखी माणूस नेहमी दुसऱ्या बाजूचाच असतो.

बाग ओलांडून आम्ही मागच्या जुन्या हॉलकडे गेलो. खडीवर फक्त माझ्याच पावलांचा आवाज होत होता. हे मला नंतर आठवलं.

आत गार होतं. ओल्या लोकरीचा वास, विझलेल्या शेगडीचा वास, आणि त्याखाली तळघरातल्या जुन्या बर्फासारखा काहीतरी. लांब टेबलाला दोन्ही बाजूंनी माणसं बसली होती, सगळी मान खाली घालून. मला त्यांनी कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीकडे, आत सरकवलं. सगळ्या हॉलमध्ये तेवढीच जागा उबदार होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

ताटं आली. कुणी आणली ते मी पाहिलं नाही. तेच मांस, तेच गोळे, पिळाचा पाव, मुळ्याची लांब फिरकी. मुळा आमच्याकडे मीठ लावून रडवतात. पाणी सुटलं म्हणजे तो खायला झाला. हा कोरडा होता. पावावर मिठाचा खडा नव्हता. मांस चावलं तर जिभेला काहीच लागेना, उकडलेलं कापड चघळावं तसं.

"मीठ मिळेल का जरा?" मी विचारलं.

"इथं लागत नाही," थोरला म्हणाला.

त्यानंतर आम्ही बिअरचे मग भिडवले. मग भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर सात वर्षं अंथरूण थंड राहतं असं म्हणतात. नव्या नवरीनं तरी हे मनावर घ्यावं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत मग पुढं केला. एकानंही मान वर केली नाही. बिअरला फेस नव्हता.

मी हसून म्हणाले, की क्विरिन आता येईलच, तो काही फार हुडकत बसणारा नाही, त्याला भूक आवरत नाही. कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्यानं, आवाजावरून तरुण असावा, हळूच म्हटलं, "नवरे येतात... कधी कधी."

"आणि नाही आला तर?"

"तर बसायचं. दुसरी येईतोवर."

मी काटा खाली ठेवला. "माझ्या आधी... इथं कोण बसलं होतं?"

"होती एक. फार बोलायची. आमचे कान किटले होते." त्यानं माझ्या जागेकडे बोट केलं. "तू बसलीस. ती उठली."

मी उठायला गेले तर दोन्हीकडचे गुडघे हलेनात. बाकावर चढून मी खिडकी गाठली. बाहेर बाग होती, ऊन होतं, माझी माणसं होती. मी दोन्ही हातांनी काच बडवली आणि आयुष्यात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडले. वाचवा म्हणाले. मला इथून काढा म्हणाले. वास्टलनं वळून पाहिलं. सगळी बाग उभी राहिली, लोकांनी बिअरचे मग उंचावले, टाळ्या पडल्या. नवरी जेवढी ओरडेल तेवढा संसार सुखाचा, असं मानतात ना आमच्याकडे. सासूबाई तर डोळे पुसत होत्या, कौतुकानं. मी रडायला लागले तसा टाळ्यांचा जोर वाढला. वास्टल बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होता, मला ओठ वाचता आले: बघ, गप्प गप्प म्हणत होतात ना...

मग क्विरिन निघाला. कपाळावर आडवा हात धरून, शोधल्याचं सोंग करत, लोकांना हसवत तो हॉलकडे आला आणि भिंतीआड दिसेनासा झाला. दाराबाहेर त्याचं गाणं ऐकू आलं, बेसूर, नेहमीसारखं. मी हाका मारल्या. गाणं संपलं, लोक हसले, दाराची कडी वाजली, आणि आत कुणीच आलं नाही.

खिडकीतून मला तो परत जाताना दिसला. त्याच्या दंडाला धरून नवरी चालली होती. तिच्या केसांतला फुलांचा मुकुट माझ्यासारखाच, जरा तिरका बसलेला. ती त्याच्या कानाशी लागून बोलत होती, एकसारखी, श्वास न घेता, आणि क्विरिन मान मागं टाकून हसत होता. तसं मी त्याला कधी हसवलेलं नाही.

टेबलावर कुणीतरी माझं ताट माझ्यापुढं सरकवलं. "जेवून घे. बराच वेळ आहे."

त्यानंतर मी जे केलं ते धीटपणानं केलं असं वाटून घेऊ नका. बुडणारा माणूस हात मारतो तसं ते होतं. मी म्हणाले, "माझं गाणं अजून झालेलं नाही."

"झालं. नवऱ्यानं म्हटलं ना."

"ते तिच्यासाठी. तो तिला घेऊन गेला. मला सोडवायला कुणी गायलेलं नाही."

ही माणसं रीतीच्या बाहेर जाणारी नव्हती, एवढं मला कळलं होतं. थोरला म्हणाला, "मग कोण गाणार?"

"मी."

तेव्हा त्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी, एकदम. त्यांचे डोळे उघडे होते, पण खिडकीतला उजेड त्यांत पडत नव्हता. मी त्या डोळ्यांत बघत, ज्या आवाजात मी शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायचे त्या आवाजात, म्हटलं:

"मिशीला पीळ, टोपीला पीस, कमरेला पट्टा,
नवरी चोरून बसलात, आता सोसा थट्टा.
चोरांनो, तुमच्या ताटात मीठ नाही कणभर,
नवरी ठेवून काय खाल, उपाशी जन्मभर?"

मी माझा मग उचलला. तो संपता संपेना. बर्फाच्या विहिरीत तोंड घालून पीत राहावं तसा. घसा बधिर झाला, डोळ्यांपुढं अंधार आला, आणि मी तो टेबलावर उपडा घातला. एक थेंब पडला नाही.

शेजारच्याचे गुडघे बाजूला झाले. त्याच्या कोटाला माझा झगा घासला तेव्हा झगा ओला झाला. मी दाराशी पोचले तेव्हा थोरला मागून म्हणाला, अगदी घरच्या माणसाच्या आवाजात, "जा पोरी. पण बाक रिकामा राहिला... आणि ती परत येईलच असं नाही."

बाहेर दिवे लागले होते. क्विरिन बिअर हॉलच्या जिन्याच्या पायथ्याशी दोन मग घेऊन उभा होता. "आत्ता तर इथं होतीस," तो म्हणाला, "कुठं गेलीस एवढ्यात?" मी त्याला धरलं ते सोडेना. तो माझे हात चोळत राहिला, किती गार पडलेत म्हणाला. मी त्याच्या खांद्यावरून बागेत बघत होते. दुसरी नवरी कुठं दिसली नाही.

त्या संध्याकाळी सगळे माझ्यावर खूश होते. मी म्हणे प्रत्येकाशी नाचले. सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांच्या आईच्या गोष्टी ऐकल्या. त्यांनी माझा गाल धरला आणि म्हणाल्या, "मी चुकले गं तुझ्या बाबतीत." पुढच्या रविवारी जेवताना त्यांनी वाट पाहिली, पाहिली, आणि मग म्हणाल्या, "परत तोंड शिवलंस का, बाई?"

मागचा हॉल मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला. तिथं दुमडलेले बाक छतापर्यंत रचून ठेवतात. उभं राहायलाही जागा नाही.

क्विरिनचं मात्र निराळं होतं. रात्री दिवा मालवला की तो म्हणायचा, "नाचताना म्हणालीस ते परत म्हण ना." मी काय म्हणाले होते हे मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजानं काही म्हणायची. तो म्हणायचा, "असं नाही. ते दुसरंच होतं." आधी हसून म्हणायचा. मग नुसताच. मी बोलायला शिकायचं ठरवलं. तो कामावर गेला की न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून बडबड करायची, हवेबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, कशाहीबद्दल. माझा चेहरा मला ऐकत उभा असायचा. संध्याकाळी ते सगळं क्विरिनला म्हणून दाखवलं तर तो माझ्याकडे बघायचा, आणि मग माझ्या थोडं मागं, जणू बोलणारी तिथं उभी असेल.

फेब्रुवारीत त्यानं विचारणं सोडलं. दर गुरुवारी संध्याकाळी तो पत्ते खेळायला म्हणून बिअर हॉलवर जायला लागला. परत येतो तो खुशीत. मला जवळ घेत नाही, पण ओरडतही नाही. कामावरून आलेल्या माणसानं घरच्या मोलकरणीशी वागावं, तसा चांगला वागतो.

परवा पावाच्या दुकानात बिअर हॉलची वाढपीण त्सेन्झी भेटली. मनगटाला पट्टी बांधलेली. मला बघून म्हणाली, "तुझ्यामुळे झालं हे. गेल्या गुरुवारी मगाचं झाकण काही तू मिटलं नाहीस." आमच्याकडे झाकण उघडं म्हणजे अजून ओत. "मी आपली भरतेय, भरतेय. आणि बोलतेस तरी किती गं. नवरा बिचारा नुसता तोंडाकडे बघत बसलेला."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लग्नाच्या दुसऱ्या दिवसानंतर मी त्या हॉलची पायरी चढलेली नाही.

आज गुरुवार. लिहिता लिहिता मी मान वर केली तेव्हा क्विरिन कोट घालून बाहेरच्या दारात उभा होता, दार उघडं धरून. मी म्हणाले, "थांब, मी पण येते." तो माझ्याकडे वळला नाही. जरा अंग चोरून बाजूला झाला, कुणीतरी पुढून बाहेर जावं म्हणून व्हावं तसा. मग हसला, मान मागं टाकून, आणि बाहेर पडून त्यानं दार हलकेच ओढून घेतलं.