दहाव्याचा कावळा

साहेब, तुमच्या सहीचं पत्र त्या माणसाच्या झोळीत सापडलं. "या पुण्यकार्यास गावोगावच्या पाटलांनी सर्व मदत करावी." खाली गोल शिक्का. घरात माणूस गेलं की चूल पेटायच्या आत दारात येऊन उभं राहणाऱ्याला तुम्ही पुण्यवान ठरवलंत. त्याचं पुण्य कसं उघडं पडलं ते ऐका. तुमच्या पोलिसांनी नाही पाडलं. सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईनं पाडलं.

सन १९३४, माघ महिना. थळपासून तासाभराच्या वाटेवर उंडीबंदर नावाची कोळवाडी. तिथली नीराबाई सकाळी काटक्या गोळा करायला किनाऱ्यावरच्या मोठ्या उंडीच्या झाडाखाली गेली आणि वाकलेली तशीच थांबली.

फांदीतून एक दोरी लोंबत होती. टोकाला लाल लुगड्याच्या काठाची चिंधी, आणि चिंधीला तिच्याच हातची गाठ.

ही चिंधी तिनं मेलेल्या कावळ्याच्या पायाला बांधली होती. बोंबील वाळत घातले की कावळ्यांचा उच्छाद. त्यावर वाडीतल्या बायकांचा एकच इलाज: मेलेला कावळा उंच काठीला उलटा टांगायचा. मग जिवंत कावळे वर घिरट्या घालतात, कान किटेस्तोवर ओरडतात, पण खाली उतरत नाहीत. नीराबाईचा तो कावळा परवा सकाळी काठीवरून नाहीसा झाला होता. दिवसभर कावळ्यांनी तिच्या बोंबलांचा फडशा पाडला. मांजरानं नेला असेल म्हणून तिनं मांजराच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि काल दुसरा मिळाला तो टांगला.

परवा. म्हणजे दादूचा दहावा.

दादू तिच्या भावाचा मुलगा. भरसमुद्रात डोलकाठी अंगावर कोसळून गेला. त्याचा दहावा याच उंडीसमोर झाला होता.

नीराबाईनं दोरी ओढून काढली. तिची मूळ दोरी वीतभर, तिला पुढं वीस हात नवी दोरी जोडलेली. बोंबील राखायला एवढी लांब दोरी कुणाला लागते?

तिनं सूर्याकडं पाहिलं. भरती दुपारची. भरतीला मोरू तांडेलाचा मचवा रेवसला जाणार, तिथून मुंबईची आगबोट. मचव्यातून दीपमार्ग नावाच्या मंडळाचे शांतिबुवा जाणार होते आणि त्यांच्याबरोबर दादूची सात वर्षांची पोर, केसर. कायमची.

ती थेट दादूच्या भावाकडे गेली. सदा ओट्यावर जाळं विणत होता. दहावा त्यानंच केलेला.

"कावळा शिवत नव्हता तवा कोन कुटं होतं?" तिनं विचारलं.

"आता कशाला ते, आते?"

"इचारलं तेवढं सांग."

सदानं सांगितलं. पिंडाजवळ तो आणि भटजी. बुवा समोर, डोळे मिटून. मोरू पाण्यात, मचव्यापाशी. बाबाजी पाटील उंडीच्या बुंध्याला टेकून. बाकीची माणसं वाळूत. एकेकानं पुढं येऊन हात जोडले. कर्ज फेडतो म्हणाले, म्हातारीला सांभाळतो म्हणाले. कावळा काही शिवेना.

"समदी म्होरं आली?"

"पाटील न्हाय आला. पाय मुरगाळलाय म्हनाला."

"कावळं होतं का पन?"

"शंभर होतं. नुसतं ओरडत फिरत व्हतं. एक खाली येईल तर शपथ."

नीराबाईनं डोळे मिटले. तो कालवा तिनं परवा बोंबलांपाशी बसून ऐकला होता. नवा कावळा टांगल्या दिवशी होतो तो कालवा. ओळखीचा होता, म्हणूनच तिचं लक्ष गेलं नाही.

पुढचं साऱ्या वाडीला ठाऊक होतं. बायका तिथं जात नाहीत, तरी दादूच्या बायकोला, राहीला बोलावलं. बुवा म्हणाले, दादूचा जीव पोरीत अडकलाय, तिला मार्गाला दे म्हणतोय. राहीनं वाळूत डोकं टेकून वचन दिलं, कागदावर अंगठा उठवला. दोन मिनिटांत कावळ्यांनी पिंड फोडला. गावानं बुवांचे पाय धरले.

राही केसरचे केस विंचरत बसली होती. नीराबाईनं पोरीला ठेवून घे म्हणताच ती दगडासारखी झाली. वचन मोडलं तर त्यांचा जीव भटकत राहील, म्हणाली. पोर तिकडं जिवंत तरी राहील, पण त्यांना दुसरं कोण आहे? तिच्या डोळ्यात पाणीसुद्धा उरलं नव्हतं.

"त्या दिशी परत येताना कायतरी येगळं दिसलं का? कायपन?"

राहीनं फणी खाली ठेवली. मग म्हणाली, समदी समुद्रात आंघोळीला उतरली. पाटील तेवढा कोरडा, झाडाखालीच थांबला. घरापर्यंत सोबतीला आला तर दोन मांजरं त्याच्या पिशवीमागं लागली. माळकरी माणूस, मासळीला शिवत नाही, आणि मांजरं काय हुंगतात, असं तेवढ्या दुःखातही तिच्या मनात आलं होतं.

परवा पहाटे बोंबलांपाशी दोघंच आले होते. मोरू प्यायचं पाणी मागायला, आणि पाटील दादूचं वय विचारायला, मयताच्या नोंदीसाठी. त्याला तिथंच ठेवून नीराबाई दादूच्या घरी वय विचारून आली होती.

भरती चढली. मचव्यापाशी सगळी वाडी जमली. केसर नव्या पोलक्यात, बुवांचं बोट धरून. नीराबाई आली ती एका हातात केळीच्या पानावर भात आणि दुसऱ्या हातात, पदराखाली, काहीतरी धरून. तिनं पान वाळूत ठेवलं आणि लोकांना मागं सारलं. पाच-सहा कावळे भातावर उतरले.

"बगितलं? भूक लागली का येतंय. आता हे बगा."

तिनं पदराखालून काठी उंच केली. काठीला मेलेला कावळा. भातावरचे कावळे भर्रकन उडाले. बघता बघता आभाळ काळं झालं. ओरडा, घिरट्या; खाली एकही नाही. सदाचा चेहरा उतरला. हा आवाज त्यानंही ओळखला.

तिनं काठी खाली घेऊन पदराखाली झाकली. थोड्या वेळानं कावळे पुन्हा भातावर.

"आता हितं कुनाचा जीव अडकला होता?"

नीराबाईनं दोरी वर धरली. कावळा माझ्या काठीवरचा, चिंधी माझी, ती म्हणाली. उंडीच्या शेंड्यावरून दोरी टाकून कावळा वर ओढला. खालून पानांत दिसत नाही, वरून दिसतो. राहीनं वचन दिलं तशी दोरी सैल सोडली, कावळा पानांत बुडाला. दोरी वीस हात. मोरू चाळीस पावलांवर पाण्यात, त्याचा हात पोचत नाही. माणूस बुंध्यालाच पाहिजे. पाय मुरगाळलेला पाहिजे, म्हणजे पुढं यायला नको. आंघोळीला न जाणारा पाहिजे, म्हणजे कावळा पिशवीत भरता येतो. ओढताना दोरी वर अडकली, कावळा निसटला, तेवढाच त्याला मिळाला.

"मांजरं खोटं बोलत न्हाईत, पाटील."

बाबाजी पाटलानं गळ्यातली माळ चाचपली. "मला वरनं हुकूम होता," तो म्हणाला. "मंडळाला मदत करा, असं साहेबाचं पत्र हाय. न्हाय केली तर पाटीलकी गेली असती."

बुवा मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, "बाई, कावळ्याचं सोडा. ही राही रडत होती तेव्हा तिला हात कुणी दिला? मी दिला."

"दिलास. आनि त्याच हातानं तिचा अंगठा उठवलास. तुझा देव खरा असंल तर वरसानं ये. तिचं डोळं सुकल्यावर बोल. पटलं तर आपल्या पायानं येईल. दहाव्यालाच कशाला येतोस?"

सदानं त्यांच्या खांद्यावरची झोळी हिसकावली.

राहीनं केसरला ओढून घेतलं. मग नीराबाईकडं बघून हळूच विचारलं, "म्हंजे त्यांनी कायच मागितलं न्हाय?"

बुवांनी तिला, खोटं का होईना, नवऱ्याचा शेवटचा शब्द म्हणून काहीतरी दिलं होतं. तेही आता गेलं.

सदा दोन यत्ता शिकलेला. झोळीतला कागद त्यानं अडखळत वाचला. पाटलाच्या अक्षरात अकरा मयतांची नावं, आसपासच्या सात गावांतली. प्रत्येकापुढं दहाव्याची तारीख. तीन नावांवर खूण, आणि खुणेपुढं: गोदू, वय नऊ. येसाजी, वय सहा. तुळशी, वय अकरा.

पाटलाची पाटीलकी अजून शाबूत आहे. बुवांना तुमच्या माणसांनी एक रात्र चौकीत ठेवलं आणि सोडलं. त्या तीन पोरांचा शोध घ्या म्हणून अर्ज सदानं लिहिला, नीराबाईनं अंगठा दिला. पोच आली. त्याला आता पाच महिने झाले.

पत्रावर सही तुमची आहे, साहेब. गोदू, येसाजी आणि तुळशी कुठं आहेत?