नऊ नंबरची हजेरी

तर झालं काय, शनिवारी टिकलीबाईने जाहीर केलं, "चौथीचा वर्ग, वर्षभर हजेरी शंभर टक्के!" आणि रविवारी त्याच वर्गातल्या हौशीला 'प्रश्न' हा शब्द वाचता येईना. आता दोन्ही खरं कसं असेल?

थांबा, आधीपासून ऐका. पारा पन्नाशीच्या वर जायला लागला, म्हणून पत्र्याची सरकारी शाळा अकरा महिने बंद होती. टिकलीबाई म्हणजे शाळेची रोबो (माणसासारखं बोलणारं यंत्र). कपाळावर लाल दिवा, म्हणून पोरांनीच नाव ठेवलेलं. ती रिकाम्या वर्गात बसून शिकवायची आणि धडे रेडिओलहरींवरून (हवेतून जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) सगळ्यांच्या टॅबवर जायचे. टॅब सगळ्यांना सारखे, अगदी एकाच रंगाचे. हजेरी मात्र जुन्या पद्धतीने, धड्याला टॅबवर कोण आलंय ते बघून, मॉनिटरच लावायची, आणि मॉनिटर होती जाई भांगरे.

रविवारी उजाडल्या उजाडल्या, ऊन चढायच्या आत, जाई डोंगराला वळसा घालून कड्यामागच्या वाडीत गेली. तिथून शाळेत येणारी एकटी हौशी. आणि हौशीचा टॅब कुठे? पिठाच्या डब्यावर, झाकण म्हणून!

"अगं येडे, हे काय?"

"पहिल्या दिवसापासून नुसतं गोल गोल फिरतंय. आई म्हणाली, निदान पिठात उंदीर तरी जायचे नाहीत."

"मग टिकलीबाईला सांगायचंस ना!"

"कशावर सांगू? यावरच सांगायचं असतं ना, मॉनिटरबाई?"

दोघी खूप हसल्या. मग जाईने पुस्तक उघडलं. वर्गात सगळ्यात भरभर वाचायची ती हौशी, पण आता 'प' म्हणाली, परत 'प' म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटून टाकलं.

"राहू दे गं. गुरुवारी आम्ही वीटभट्टीवर चाललोय. आई म्हणते, शिकणं तर होत नाही, मग पोर हाताखाली तरी येईल."

जाई पळत सुटली ती थेट शाळेच्या खिडकीशी.

"बाई, वाडीत एकही धडा पोचला नाही!"

"मध्ये कडा आला की मागे लहरींची सावली पडते," टिकलीबाई म्हणाली. "बॅटरीच्या उजेडासमोर हात धरला की पडते, तशी. पण मी दर महिन्याला सगळ्यांना विचारते, धडे पोचले का? सगळी उत्तरं 'हो' येतात."

"विचारता कशावरून?"

"टॅबवरून."

"अहो बाई! हे म्हणजे, आज जे आले नाहीत त्यांनी हात वर करा, असं झालं!"

लाल दिवा लुकलुकला. "खरं आहे. धडा पोचत नाही तिथे प्रश्नही पोचत नाही. याला निवडदोष (जे हाताशी लागले तेवढ्यांना विचारून सगळ्यांबद्दल बोलणं) म्हणतात. म्हणून तर मी हजेरीही बघते. कुणी ओळीने पाच दिवस गैरहजर दिसलं, की लहरी पुढे पाठवणारा खांब ड्रोन तिकडे नेऊन उभा करतो. पण नऊ नंबर एकदाही गैरहजर नाही."

नऊ नंबर म्हणजे हौशी. महिनाभर गैरहजर राहिलं की पटावरून नाव काढतात, असं जाईने ऐकलं होतं. गेली असेल शेळ्यांमागे, असं म्हणून ती रोज हौशीपुढे 'हजर' लावायची. मैत्रिणीचं नाव वाचवायला.

"ती... मी लावली, बाई."

"किती दिवस?"

"सगळे."

टिकलीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "रिकामी जागासुद्धा मला काहीतरी सांगत असते, जाई. ती तू भरून टाकलीस."

ड्रोनने लगेच खांब उचलला, पण खांब उभा करून चालू करायला चार दिवस लागतात. गुरुवारी दुपारी तो चालू झाला. भट्टीचा टेम्पो सकाळीच गेला होता.

जाई वाडीत पोचली तेव्हा हौशीच्या दाराला कडी होती. तिने फटीतून आत पाहिलं. चूल गार. पिठाचा डबा मात्र जागेवर नव्हता. झाकणासकट नेला होता!

शुक्रवारी जाईने हजेरी घेतली. सात हजर. आठ हजर. नऊपाशी तिचं बोट थांबलं, आणि तिने ती जागा तशीच रिकामी सोडली.

हौशी कुठे गेली ते जाईने सांगितलं होतं, म्हणून टिकलीबाईने या वेळी पाच दिवस वाट पाहिली नाही. शाळेच्या पत्र्यावरून ड्रोन उठला. खाली दुसरा खांब लटकत होता. तो वाडीकडे वळला नाही. दूर जिथे भट्ट्यांचा धूर दिसत होता, तिकडे निघाला.