आठ पक्के बोल्ट

"हूं की चूं करू नका, अप्पा आहेत," कौसल्या कुजबुजली आणि तिघांनी हातातल्या आंब्यांसकट ट्रंकेमागे बुडी मारली.

फणसवाडीतल्या त्या चाळीच्या माळ्यावर अप्पांनी, म्हणजे चाळकमिटीच्या चिटणीसांनी, आंब्यांची अढी घातली होती. मे महिन्याच्या सुट्टीत कौसल्या, जगदीश आणि सुमेधा तिची रोज पाहणी करत. आज दुसरीच पाहणी आली. झडपेतून आधी टॉर्च वर आला, मग घरमालकाचे तपासनीस गंगाधरपंत नाकापर्यंत वर आले. छपराची लाकडी कैची तुळईला जिथे मिळते, तिथले काळे ठिपके त्यांनी लांबूनच मोजले. आठ बोल्ट, पक्के. नाक खाली गेलं, झडपेला कडी लागली आणि अप्पा शिडी घेऊन गेले.

तिघं अडकली.

जगदीशने आधाराला कैचीवर हात टेकला, तर बोल्ट आत गेला. बोल्ट कसला, कागदाचा बोळा होता. वर ओलं डांबर. सुमेधाने तो उलगडला. आज दुपारच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं पत्रक! मग तिला आठवलं. काल हरताळामुळे दुकानं बंद होती, तरी अप्पांचं व्यासपीठ चौकात उभं राहिलं होतं. इथल्याच आठ बोल्टांवर.

"उद्या परत लावतील की," जगदीश म्हणाला.

कौसल्याने वर बोट दाखवलं. कैचीचं लाकूड खाचेतून दोन बोटं सरकलं होतं. ही तुळई तिच्याच खोलीवरची. संध्याकाळी तिच्या भावाचं बारसं होतं आणि पाळणा याच तुळईला टांगायचा होता.

"बाळ बारा दिवसांचं आहे रे," ती म्हणाली.

त्यांनी झडप बडवली, पण सगळी चाळ चौकात होती. शेवटी एक कौल सरकवून सुमेधा ओरडली, "आम्हाला सोडवा!"

खालून शंभर गळ्यांनी उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!"

"छप्पर पडतंय!"

"झालाच पाहिजे!"

मान वर कोणी केली नाही. डोक्यावर कौलं तापत होती, लाकूड मधूनच करकरत होतं. कौसल्या दोन्ही हातांनी तुळई धरून बसली होती, जणू तिच्या धरण्यानेच ती थांबणार होती. जगदीशने थोडा विचार केला आणि कौलातून तोंड बाहेर काढलं.

"अप्पांचा राजीनामा!"

"झालाच पाहिजे!"

अप्पांनी ताबडतोब वर पाहिलं. दोन मिनिटांत शिडी आली.

वर येताच ते ओरडणार होते, पण कौसल्याने त्यांचं बोट धरून एका बोल्टात खुपसलं. अप्पांनी काळ्या बोटाकडे पाहिलं, मग खाचेकडे. ते तसेच खाली उतरले आणि भर सभेत त्यांनी आपलं व्यासपीठ स्वतः खोललं. भाषण जमिनीवर उभं राहून झालं. लोकांच्या मते त्याने काही बिघडलं नाही.

सुतार बोलावला, लाकूड खाचेत बसवलं, बोल्ट आवळले. गंगाधरपंत या वेळी पूर्ण वर आले आणि त्यांनी एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला.

"बत्तीस वर्षांच्या नोकरीत हात लावायला तुम्ही शिकवलंत, मुलांनो," ते म्हणाले.

बारशाला अप्पा सगळ्यांच्या आधी आले. पाळण्याच्या कड्यांना ते स्वतः लोंबकळले, दोन झोके घेतले, मग बाळाला आत घालू दिलं.

अढीतले अकरा आंबे कमी आहेत, असं त्यांनी तिघांकडे बघून जाहीर केलं. पण त्या दिवशी चाळीत त्यांच्या मोजणीवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता.