दीड लिटरची केटल

जयंती मार्केटमधल्या त्या दुकानात चंद्रकांत देशिंगे तिसऱ्या केटलचं झाकण उघडून आत नाक घालत होते, आणि मागे उभी असलेली त्यांची सतरा वर्षांची लेक कादंबरी मनातल्या मनात ती केटल त्यांच्याच डोक्यात घालत होती.

"झाकणाला प्लास्टिकचा वास येतोय," ते म्हणाले. मग दुकानदाराकडे वळून, "भैया, स्मेल आ रही है."

"बाऊजी, दो बार पानी उबालके फेंक दो, चली जाएगी. अंदर पूरा स्टील है."

"वॉट कितना है? हमारा वायरिंग पुराना है."

"दिवाळीच्या आधीपासून बघताय तुम्ही," कादंबरी म्हणाली. "आता वास नसलेली मिळाली की आई परत येणारे का?"

दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. त्यानं उगाच फडकं घेतलं आणि स्वच्छ काउंटर पुसायला लागला.

"चार माणसांत तोंड आवर, कादू."

कादूनं तोंड आवरलं, पण डोळे आवरले नाहीत. बाबांच्या कानाची पाळी लाल झालेली तिला दिसली आणि बरं वाटलं.

बाबा विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन सांगलीहून जयपूरला आले आणि बनी पार्कात भाड्यानं राहिले. इथंच आईची फुप्फुसं बिघडली. थंडी पडली की तिला घोटघोट गरम पाणी लागायचं, आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हटलं तरी धाप लागायची. तिनं आयुष्यात नवऱ्याकडे मागितली असेल तर ही एक गोष्ट: उशाशी ठेवायला विजेची केटल. बाबांनी लगेच शोध सुरू केला. काचेची की स्टीलची, एक लिटर की दीड, आपोआप बंद होणारी की कशी. लोकांनी लिहिलेलं सगळं वाचलं. एका बाईनं लिहिलं होतं, तळाला गंज आला. ती बाद. मग म्हणाले, सेल येऊ दे. सेल आला, गेला. कादंबरी गॅसवर पातेल्यात पाणी तापवत राहिली. अकरावीतच तिनं मास्तरांच्या अंगावर जर्नल भिरकावून शाळा सोडली होती, तेव्हा वेळच वेळ होता. जानेवारीच्या सुरुवातीला आई गेली. केटल तेव्हाही बाबांच्या मोबाईलमध्येच होती, निवडून ठेवलेली.

दहाव्याला शहराबाहेर, डोंगरातल्या गलत्याच्या कुंडापाशी पिंड ठेवला. संक्रांतीचे दिवस, आकाशात नुसते पतंग. गच्च्यागच्च्यांवरून "वो काटा!" चाललेलं. अशात कावळा उतरणार कुठून? बाबांच्या ऑफिसातला एक जण काठी घेऊन माकडं हाकलत होता. बाबांनी हात जोडून एकेक कबूल केलं. धाकट्या मिहीरला काही कमी पडू देणार नाही. कादूला परत शाळेत घालतो. तुझ्या आईला दर महिन्याला फोन करतो. कावळ्याचा पत्ता नाही.

"केटल आणतो म्हणा," कादंबरी मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी हसू दाबायला खोकला. बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. साहेबांसमोर, मेहुण्यासमोर, मेलेल्या बायकोला केटलचं वचन द्यायचं म्हणजे काय! गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं. पाठ वळल्यावर माकडांनी पिंड नेला.

आणि आता फेब्रुवारीत बाबा केटलला नाक लावून उभे. का आणायची, ते बोलत नव्हते.

"तू सांग रे," त्यांनी मिहीरला पुढे केलं. मिहीर नऊ वर्षांचा, बगलेत जाडजूड पुस्तक. तो कुठंही जाताना ते घेऊन जायचा.

"वो वाली," मिहीर म्हणाला. "दीड लिटरवाली. मतलब, जास्त लोकांना होईल."

"जास्त कोण? आपण तिघं तर आहोत."

मिहीरनं पुस्तक बगलेत घट्ट धरलं. केटल बांधून घेतली.

ते पुस्तक आई त्याला वाचून दाखवायची. इंग्रजी होतं. ती एक वाक्य मनात वाचायची आणि मराठीत सांगायची, मध्ये थांबून श्वास घ्यायची. ग्रीक देवांच्या जगातली गोष्ट होती. पाताळातल्या नदीवर मेलेल्यांना पलीकडे नेणारा एक नावाडी, आणि त्याची अकरा वर्षांची व्रात्य पोरगी. कादंबरीला असल्या गोष्टींचा कंटाळा. नाव कादंबरी आणि पुस्तक दिसलं की झोप येते, असं आई चिडवायची. पण बसमध्ये मिहीरनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तिनं ऐकलं.

"किनाऱ्यावर सगळे मेलेले उभे असतात ना, दीदी, त्यांना खूप ठंड लागते. त्यांना बोलता नाही येत. मग ती मुलगी गरम पाणी नेते आणि नावानं बोलावते. जो पितो, तो बोलतो."

"ताई म्हण तिला," पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले.

"पण एक रूल आहे. त्यांनी बोलावलं तर आपण ओ नाही द्यायची. नाव गलत असलं तरी. ओ दिली की आपण त्यांचे. मुलीचा दोस्त फसतो, मग ती त्याच्या जागी ओ देते."

"मग?"

"मग आई दमली." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "आगे नाही वाचलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कादंबरी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली. बाबा ऑफिसला. आईच्या पलंगावर मिहीर मांडी घालून बसला होता. उशाशी केटल, तिच्या तोंडातून वाफ निघतेय, आणि समोर आईचा निळ्या काठाचा कप.

"आली," तो म्हणाला.

"कोण आली?"

"आई. पाणी प्यायली."

कादंबरीचा हात वर गेला होता, पण तिनं तो कपाकडे नेला. कप एवढा गरम होता की धरवेना. आत थेंब नव्हता. ओलसुद्धा नव्हती, आतून धुऊन पुसून ठेवावा तसा कोरडा.

"तू प्यायलास?"

"इतकं गरम?" मिहीर म्हणाला. तो हसत होता. महिन्यात पहिल्यांदा.

म्हणून ती गप्प बसली. पोरगं हसतंय ना, हसू दे.

मग घरातल्या वस्तू जागा बदलायला लागल्या असं काही झालं नाही. तेवढं झालं असतं तर तिनं आरडाओरडा केला असता. झालं ते बारीकसारीक. आई रजईची चौघडी घालायची. आता सकाळी पलंगावरची रजई गुंडाळी करून भिंतीला लावलेली दिसायची. कप पालथा ठेवलेला. केटलला हात लावावा तर कोमट, आणि घरात कुणी पाणी तापवलेलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बघ, ऊब किती वेळ धरते. चांगल्या कंपनीची आहे."

आणि मिहीर मराठी बोलायला लागला.

त्याचं मराठी अर्धं हिंदी होतं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरात मतलब आणि लेकिन. आता तो एका दमात बोलायचा. जेवताना म्हणाला, "ताई, मले अजून भात दे न. काऊन एवढासाच वाढून राहिली?"

बाबांचा घास हातातच राहिला. मग ते खूश झाले. "हे नागपूरकडचं कुठून शिकला? मोबाईलवर बघतो वाटतं. असू दे. मराठी तर आहे. तुझ्या आईला किती आनंद झाला असता."

"कुणी शिकवलं रे?" कादंबरीनं विचारलं.

"आईनं," मिहीर म्हणाला आणि भात कालवायला लागला.

आई मिरजेची. जन्मात कधी 'मले' म्हणाली नव्हती.

कादंबरीनं केटलची वायर गुंडाळली आणि ती माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांमागे टाकली. स्टुलावर उभी राहून तिचाच हात कसाबसा पोचला. सकाळी केटल उशाशी होती. पोटाला हात लावला तर चटका बसला. प्लग भिंतीत नव्हता.

तिनं मिहीरला दंडाला धरून विचारायचं ठरवलं आणि खोलीच्या दारातच थांबली. तो पलंगावर पालथा पडून चित्र काढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हाव, येतो."

"कुणाला म्हणालास?"

"आई बोलावून राहिली."

"काय म्हणून?"

"गजू म्हणून."

"तू गजू आहेस?"

मिहीरनं पेन्सिल थांबवली. तो विचार करत होता. खरोखरच विचार करत होता, वर्गात अवघड गणित पडल्यावर करावा तसा. त्याच्या कपाळावरची ती आठी कादंबरीनं पाहिली. चिडता यावं म्हणून तिनं राग शोधला. सापडला नाही.

ती त्याच्याजवळ बसली. "मिहीर, पहिल्या दिवशी तू हाक काय मारलीस?"

"आई म्हणून."

"नाव घेतलं नाहीस? प्रभा?"

"आईचं नाव कोणी घेते का?" तो म्हणाला.

बरोबर होतं. त्यांच्यात कुणी घेत नाही. मिहीर घेणार नव्हता, ती घेणार नव्हती. बाबासुद्धा कधी घ्यायचे नाहीत. लग्नापासून 'अगं', आणि फार तर 'ऐकलं का'. थंडीनं काकडत उभ्या असलेल्या त्या सगळ्या गर्दीत पोरानं 'आई' म्हणून हाक मारली होती, आणि गरम पाणी पुढे केलं होतं.

तिथं काय एकीलाच कुणी आई म्हणत असेल?

दुपार कलली होती. खाली भंगारवाला ओरडत जात होता. कादंबरीनं केटल धुतली, नळाचं ताजं पाणी भरलं, प्लग लावला. पाणी आधी कुजबुजलं, मग खळखळलं. खट करून बटण पडलं. तिनं निळ्या काठाचा कप भरला. जीभ जड झाली होती. शिवी देताना कधी अडखळली नव्हती ती.

"प्रभा," ती म्हणाली.

वाफ सरळ वर जात होती.

"प्रभा चंद्रकांत देशिंगे. मिरजेची. मी कादू आहे. ये ना गं."

पाणी तसंच. काठापर्यंत.

तिनं वाट बघितली. पाण्यावर साय धरावी तशी एक पातळ थरथर आली आणि गेली. कप निवत गेला. आईनं इतके महिने मागितलेलं पाणी होतं ते.

"थे नाही येत," मागून मिहीर म्हणाला. आवाज त्याचाच होता. सूर एका दमलेल्या बाईचा.

"का?"

"लय वाट पाह्यली तिनं. आवाज नाही आला. मंग गेली पलीकडे."

"आणि तू?"

"मले कोणीतरी आई म्हटलं न."

कादंबरीनं मिहीरकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, गुडघे जवळ घेऊन, एक हात डोक्यावरून पदर सारखा करत असल्यासारखा. नऊ वर्षांचा पोरगा.

"त्याला सोड," ती म्हणाली.

तो हात पदर सारखा करतच राहिला.

"सोड म्हणते ना. लहान आहे तो. तुला गजूशिवाय अजून कोण होतं? मुलगी होती?"

मग मिहीरच्या ओठांवर हसू आलं. फार मायेचं. कादंबरीला ते बघवेना, कारण तसं तिच्याकडे बघून गेल्या वर्षभरात कुणी हसलं नव्हतं. आईसुद्धा नाही. आईला श्वासच पुरत नव्हता.

"पुष्पी," तो म्हणाला. आणि मग हाक आली. मिहीरच्या तोंडून नाही. पलंगाच्या उशाकडून, वाफ असावी तिथून. "पुष्पे, ये व इकडे. केसाइचं काय करून ठेवलं हे?"

कादंबरीला नियम माहीत होता.

"ओ," ती म्हणाली.

काही झालं नाही. कप तेवढा रिकामा झाला.

मिहीरनं डोळे चोळले. "दीदी," तो म्हणाला, "मुझे भूख लगी है. मतलब, खूप."

तिला रडू फुटलं. तिनं त्याचे गाल दोन्ही हातांत धरले, तोंड पुन्हा पुन्हा बघितलं. तोच होता. वाकडा दात, नाकावरचा ओरखडा. "नाव सांग तुझं." "मिहीर. पागल झालीस का?" तिनं त्याला पोळी गरम करून दिली, तूप लावून, साखर घालून. त्यानं खाल्ली आणि खाली खेळायला पळाला.

मग घर शांत झालं.

ती पलंगाच्या कडेला बसली. मानेवर ऊब आली. कुणीतरी मागे बसून केसांतला गुंता सोडवत होतं, टोकाकडून, न ओढता, सावकाश. गुंता सुटेपर्यंत हलायचं नाही, एवढं तिला कळत होतं. फार बरं वाटत होतं. डोळे मिटत होते.

बाहेर जिन्यात एक माणूस बूट काढता काढता कुणा कादंबरीला हाका मारत होता.