बलाच्या दिशेने

कोरेवाडी जंक्शनमध्ये लिफ्ट आता फक्त खाली येत असे. वर जायला सगळे जिनाच वापरत. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांपाशी रांग लागे. लोक धापा टाकत वर जात आणि दोराने सोडलेल्या पाळण्यात बसून, पाय हलवत खाली येत. मुलगी बघायला आलेल्या मुलाला आधी गच्चीवर पाठवत, पोहे नंतर.

याचं कारण प्रत्येकाच्या कमरेला होतं. कार्यपट्टा हे बोटभर रुंदीचं उपकरण होतं. आपण किती बल लावलं, वस्तू किती सरकली आणि कुठल्या दिशेने सरकली, हे तो मोजायचा आणि गुणाकार करून उत्तर ज्यूलमध्ये द्यायचा. एक किलो साखरेची पिशवी जेमतेम अर्धी वीत उचला, झाला एक ज्यूल. तीच हळूच खाली ठेवा, गेला एक ज्यूल. असे दहा कोटी ज्यूल जमवणाऱ्याला सरकारी इस्पितळात अग्रक्रम मिळे. बाकीचे प्रतीक्षा यादीत, आणि यादी वीस वर्षांची होती.

मूळ कायदा साधा होता. ‘ज्याने आयुष्यभर काम केले, त्याला उपचार आधी.’ मसुदा भाषा समितीकडे गेला. समितीला ‘काम’ हा शब्द फार घरगुती वाटला, म्हणून तिने ‘कार्य’ केलं. मग विधी विभागाने विचारलं, कार्य म्हणजे काय? लग्न की काय? व्याख्या हवी. शोधाशोध झाली आणि कार्याची नेमकी व्याख्या अख्ख्या राज्यात एकाच ठिकाणी सापडली, नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात.

ती तपासायला आली जिनदत्त मगदूम सरांकडे. सर तेव्हा शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्यांना चूक सापडली. चूक सापडली की सरांना जेवण गोड लागायचं. ‘बल लावून वस्तूचे विस्थापन झाल्यास कार्य घडते’ या वाक्यात त्यांनी लाल शाईने दोन शब्द घातले, ‘बलाच्या दिशेने’. खाली लिहिलं, ‘आता व्याख्या बिनचूक आहे.’

या बिनचूकपणाबद्दल त्यांना पूर्वकार्य पडताळणी अधिकारी नेमण्यात आलं. पट्टे येण्याआधीच्या आयुष्यात कोणी किती कार्य केलं, ते अर्जावरून ठरवायचं, असं हे पद.

एका सोमवारी खिडकीपाशी यास्मिन नदाफ आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. मागच्या बाकावर तिचे वडील दस्तगीर बसले होते. अडतीस वर्षं जंक्शनवर हमाली केलेले. त्यांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी चार महिने दिले होते.

“सर, पहिल्या छाननीत अब्बांचा आकडा शून्य आलाय.”

“बघू.” सरांनी अर्ज ओढला. “सामान डोक्यावर घेऊन फलाटावरून चालत?”

“रोज. वीस-वीस किलो.”

“डोकं बल लावतं ते वरच्या दिशेने. विस्थापन आडवं. काटकोन झाला की कार्य...” सर थांबले. हेच गणित त्यांनी नववीत फळ्यावर घातलं होतं. यास्मिनने तेव्हा पानभर आकडेमोड करून मोठं उत्तर काढलं होतं आणि सर म्हणाले होते, ‘म्हणजे पोरी, तुझे अब्बा दिवसभर काहीच करत नाहीत!’ वर्ग हसून लोळला होता. पुढची सहा वर्षं प्रत्येक नववीत सरांनी तोच विनोद केला होता. फक्त अब्बा बदलायचे.

“शून्य,” यास्मिन म्हणाली. “पाठ आहे मला.”

सरांचे कान तापले.

“आणि दमतात ते?” तिने विचारलं. “शर्ट पिळून वाळत घालायचे. तो घाम कुठे धरलाय?”

“दमणं म्हणजे स्नायूंमधली ऊर्जा उष्णतेत जाणं. उष्णतेचा धडा वेगळा आहे. म्हणजे, खातंही वेगळं आहे. अजून मंजूर नाही.”

“झाडाखाली बसून असतो तरी एवढंच झालं असतं की हो मास्तर,” दस्तगीर मागून म्हणाले. “उगा पळापळ केली.”

सरांनी कागद घेतला. मान वर करायची नसली की ते आकडेमोड करत. “उचलणं धरता येईल. जमिनीवरून डोक्यावर, एक पूर्णांक सहा मीटर. बल वर, विस्थापन वर. एका बॅगेला तीनशे वीस ज्यूल. दिवसाला चाळीस बॅगा, वर्षाला तीनशे दिवस, अडतीस वर्षं... चौदा कोटी एकोणसाठ लाख! यास्मिन, अगं झालं की!”

“उतरवलेलं वजा केलं का, सर?”

सरांनी वजाबाकी मांडली. हळू खाली ठेवताना हात वर ढकलतो आणि बॅग खाली जाते. दिशा उलट, म्हणून कार्य ऋण. चौदा कोटी एकोणसाठ लाख उणे चौदा कोटी एकोणसाठ लाख.

“पण टाकली असती तर?” यास्मिन हळूच म्हणाली. “डोक्यावरून नुसती सोडून दिली, तर खाली आणायचं कार्य गुरुत्वाकर्षणाचं. अब्बांचं काही वजा नाही. खाडे काकांना मागच्या महिन्यात झडप मिळाली ती अशीच.”

ते खरं होतं. खाडे हमालाने आयुष्यभर लोकांच्या बॅगा आपटल्या होत्या. त्याचे साडेबारा कोटी शाबूत होते.

सरांनी अर्जाचा शेवटचा रकाना दाखवला. ‘अर्जदार भार खाली ठेवत असे की टाकत असे?’ खिडकीवरचं प्रत्येक बोलणं नोंदलं जायचं, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया ‘टाकत’ या शब्दावर नेल्या.

दस्तगीर उठून खिडकीशी आले. “मी? टाकत?”

“अब्बा, एवढंच म्हणा.”

“नळाखाली आंघोळ करणाऱ्याला चिखलात लोळतो म्हणून लिहायला सांगतेस व्हय गं?”

“अब्बा, चार महिने आहेत.”

त्यांनी रकाना पुन्हा एकदा वाचला. मग पेन मागितलं. ‘मी अडतीस वर्षे लोकांचे सामान आपटले. दस्तगीर नदाफ.’ लिहून झाल्यावर त्यांनी कागद उपडा ठेवला, कोणी वाचू नये म्हणून.

पण वाचायलाच तो होता. नियमानुसार प्रत्येक अर्ज सात दिवस स्टेशनच्या फलकावर लागे, कोणाची हरकत असल्यास यावी म्हणून. हरकती ग्राह्य ठरल्या की दावा रद्द होई.

पहिल्या दिवशी तीन हरकती आल्या. निवृत्त पोस्टमास्तर कोरगावकर तावातावाने म्हणाले, “कोण म्हणतं दस्तगीर सामान आपटतो? माझा रेडिओ त्याने लेकरासारखा उतरवलाय. लिहून घ्या!” दुसऱ्या दिवशी अकरा आल्या. एकाने शपथपत्र आणलं, एकाने काचेचं झुंबर टेम्पोत घालून पुराव्याला आणलं.

सर संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभे राहून लोकांना कानात सांगू लागले, “कृपा करून हरकत घेऊ नका.” झालं! साहेब एका प्रामाणिक माणसाची बदनामी खपवून घेतोय, असं गावभर झालं. तिसऱ्या दिवशी रांग पाण्याच्या टाकीच्या रांगेपेक्षा लांब होती.

सर पुरावे फेटाळू शकत नव्हते. एकही पुरावा खोटा नव्हता. रात्रीच्या जेवणाला ते बायकोशी बोलेनासे झाले. आरशासमोर दाढी करताना डोळे मिटू लागले, त्यामुळे दोनदा कापलं.

यास्मिन फलकाशी उभी राहून येणाऱ्यांना अडवायला त्यांचे हात धरत होती. दस्तगीर मात्र रोज येऊन बाकावर बसत. एकेक हरकत मान हलवत ऐकत. “शेट्यांची बॅग, बरोबर, निळी होती.” त्यांचा श्वास आता वाक्याच्या मध्येच संपायचा. चेहरा मात्र असा फुलला होता, की सरांना त्या बाजूला बघवेना.

सातव्या दिवशी, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना ऐंशीच्या घरातल्या एक बाई आल्या. हैदराबादहून गाडीने आल्या होत्या. भाचीने फोनवर वाचून दाखवलं म्हणाल्या.

“बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या अस्थींचा कलश होता माझ्याकडे. मला उचलवेना. ह्या बाकावरच्या हमालदादांनी नेला, आणि डब्यात सीटवर ठेवला तेव्हा नुसता टेकवला. आवाजसुद्धा नाही आला. असल्या माणसाबद्दल हे असं लिहिलेलं मला बघवलं नाही.” त्यांनी सही केली. “दोनशे सहावा नंबर आहे म्हणे माझा. होईल ना हो ह्यांना उपयोग?”

बाकावरून दस्तगीरांनी बाईंना हात जोडले.

“होईल,” मगदूम सर म्हणाले, आणि त्यांनी ‘हरकत ग्राह्य’चा शिक्का उचलला.