नलिनीच्या पेटीतले सोनेरी मासे

खोटं सांगून मला काय मिळणार? पटंल त्यानं ऐकावं. भालकीत, आमच्या राहत्या घरात, भर दुपारी घडलंय हे. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

मला बिजवराला दिलेलं. हे, गुरुराज मास्तर, हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. पहिली बायको नलिनी काविळीनं गेली. मागं एक काचेची पेटी ठेवून गेली, त्यात तिचे काळे मासे. शाळेतून आले की हे आधी पेटीपाशी, मग माझ्यापाशी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्याला सवत नसती.

आमच्याकडं दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा. घरात नवं काही आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. सासूबाईंनी टाक करून आणला. मी घातला न्हाई. देवघरात पडून होता.

मला दिवस गेले तेव्हा ह्यांनी हैदराबादहून दोन सोनेरी मासे आणले. पिशवी थेट माझ्या हातात दिली.

"घे. हे तुझे."

मी हरखले. टाक कुणाच्या ध्यानात?

दुसऱ्या दिवशी एकाची शेपटी फाटलेली.

"पाणी बाधलं असंल," हे म्हणाले. पाणी बदललं, मीठ घातलं. काळे मासे त्याच पाण्यात ठणठणीत.

मग दुसऱ्याच्या कुशीवरचे खवले गेले... तीन सरळ ओरखडे.

ह्यांनी दगड काढले. काचेच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठं काही टोचत नव्हतं.

"काळे चावायलेत. जुने नव्याला टिकू देत न्हाईत."

"ते मला सांगायलाव?" मी म्हणाले.

सोनेरी दोघं लोणच्याच्या बरणीत वेगळे ठेवले. तोंडाला फडकं बांधलं. दुपारी घरात मी एकटीच, तांदूळ निवडत बसलेली.

टिक...

टिक... टिक...

काचेवर बांगड्या आपटल्यासारखा आवाज. माझे हात तर सुपात होते.

उठून बघितलं. फडक्याची गाठ तशीच. आत एक मासा उताणा... कुशीवर तीन ताजे ओरखडे.

पोटात बाळ हललं. माझा हात आपोआप तिथं गेला. आता पाळी कुणाची, ते मला कळलं.

सासूबाई देवळातून आल्या, बरणी बघितली.

"टाकाला दाखवले होतेस का गं?"

"न्हाई."

"मग आता कामून रडायलीस?"

"ती माझ्या लेकराला शिवली तर?"

"आधी तिला दे. मग न्हाई शिवायची."

टाक गळ्यात घातला. उरलेला मासा बरणीसकट त्याच्यापुढं धरला. तो जगला.

मुलगी झाली. मी नीट बघायच्या आधी सासूबाईंनी तिला टाकाला लावलं. मी लावू दिलं. अंगावर एक ओरखडा न्हाई. मला वाटलं, सुटले.

लेक पहिल्यांदा बोलली तेव्हा मी तिला भरवत होते. मासे कधीच मेलेले, पेटी कोरडी पडलेली. पोरगी माझा हात बाजूला सारून पेटीकडं बघायला लागली... हसली... हात पुढं केला.

"आई."

मला ती अक्का म्हणती. घरात सगळे म्हणायचे, त्याची सवय लागली, असं लोक म्हणतात. मीही तसंच सांगते.

आता ती उदगीरला दिलीय. माहेरी आली की दुपारी झोपेत आईला हाक मारती. मी उशाशीच असते.

ओ देत न्हाई. हाक मला नसतीच.